दिवसभर अंथरुणात, तरी रात्री टक्क जागं

“पोरगं दिवसभर लोळून असतंय, दमलेलं दिसतंय, आणि रात्री दोन वाजले तरी टक्क जागं.” ज्या घरात मुलाला दीर्घ आजार आहे, त्या घरात अशी तक्रार हमखास ऐकू येते. आजार कोणताही असो. दमा, टाइप-१ मधुमेह, लहान वयातला संधिवात, मूत्रपिंडाचा विकार, किंवा कर्करोगाचे उपचार संपल्यानंतरचे अशक्तपणाचे महिने. दमलेल्या माणसाला झोप लागायलाच हवी, असं आपण धरून चालतो. मग हे मूल दमलेलं असूनही का झोपत नाही?

उत्तर शोधताना घरातली माणसं साधारण दोनच वाटांनी जातात. एक, “आजारच आहे, त्याला काय करणार?” म्हणून सोडून द्यायचं. दुसरी, डॉक्टरांकडे झोपेची गोळी मागायची. हल्ली तर मेलाटोनिनच्या गोड गोळ्या परस्पर ऑनलाइन मागवल्या जातात. या दोहोंच्या मध्ये एक मोठा, अभ्यासलेला आणि बहुतांशी बिनखर्चाचा उपाय आहे, त्याच्याकडे फारसं कुणी वळत नाही. तो समजायचा तर आधी झोप येते कशी, हे समजायला हवं.

झोप दोन गोष्टींनी येते

स्वित्झर्लंडमधले संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली झोपेचं एक साधं चित्र मांडलं. ते आजही झोपेच्या अभ्यासाचा पाया मानलं जातं. त्यांच्या म्हणण्यानुसार झोप दोन गोष्टींच्या मेळातून येते. पहिली, झोपेची भूक. आपण जितका वेळ जागे असतो, तितकी ती वाढत जाते. मेंदूच्या पेशी काम करताना ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि डोळ्यांवर पेंग आणतं. झोपलो की ते ओसरतं. चहा-कॉफीतलं कॅफिन या ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी येते. पण झोपेची भूक मिटत नाही, फक्त जाणवेनाशी होते. शरीरातलं निम्मं कॅफिन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहाचा निम्मा अंमल रात्री अकरालाही शिल्लक असतो.

कोल्हापूरकरांना हे गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून, जिथे म्हशीची धार समोर काढली जाते, चटकन कळेल. म्हशीची कास भरायला वेळ लागतो. दुपारीच धार काढली, तर संध्याकाळी भांडं भरत नाही. आजारी मूल दिवसा तीन-चार वेळा डुलक्या घेतं, तेव्हा झोपेची भूक अशीच थोडी थोडी काढून घेतली जाते आणि रात्रीसाठी उरत नाही. शिवाय कास भरली म्हणजे म्हैस पान्हा सोडेलच असंही नाही. नेहमीचा हात लागतो, नेहमीची वेळ लागते. गोठ्यात गडबड झाली, अनोळखी माणूस समोर आला की ती पान्हा चोरते, आणि जबरदस्तीने धार लागत नाही. झोपेचंही तसंच आहे. भूक पुरेशी साठलेली असली, तरी मन आणि शरीर सावध असेल तर झोप उतरत नाही. दुखण्याची भीती, उद्याच्या तपासणीची काळजी, “आता झोपलंच पाहिजे” ही धडपड, या सगळ्यांनी ती अडते.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक छोटा पुंजका आहे. शरीराचं तापमान, संप्रेरकं, भूक, झोप या सगळ्यांची वेळ तो ठरवतो. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं, ते उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. पण हे घड्याळ बरोबर चोवीस तासांचं नसतं. बहुतेकांचं थोडं लांब असतं, आणि रोज सकाळी उजेडाने त्याची वेळ जुळवावी लागते. डोळ्यातल्या काही खास पेशी मुख्यतः हेच काम करतात. त्यांना निळसर उजेड विशेष कळतो, मग तो आकाशाचा असो की मोबाइलचा.

उजेडाचा हिशोब एकदा नीट बघण्यासारखा आहे. घरातल्या ट्यूबलाइटखाली साधारण एक-दोनशे लक्स उजेड असतो. लक्स हे उजेड मोजायचं माप. बाहेर अंगणात पावसाळी, ढगाळ सकाळीसुद्धा काही हजार लक्स असतात, आणि लख्ख उन्हात लाखाच्या घरात. आपल्या डोळ्यांना घरातही छान उजेड आहे असंच वाटतं, पण घड्याळाला तो पुरत नाही. जे मूल आठवडाभर खोलीबाहेर पडलेलं नाही, त्याच्या घड्याळाला सकाळ झाल्याची खबरच मिळत नाही.

वय आणि घड्याळ

किशोरवयात आणखी एक गोष्ट घडते. वयात येताना शरीराचं घड्याळ आपसूक एक-दोन तास उशिराकडे सरकतं. मेलाटोनिन हे रात्र झाल्याची वर्दी देणारं संप्रेरक. ते मोठ्या मुलांत लहानांपेक्षा उशिरा स्रवू लागतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला साडेनऊला झोप येत नाही, हा त्याचा हट्ट नसतो. आणि झोपेची गरज मात्र फारशी कमी झालेली नसते. १३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं.

त्यात कोल्हापूरचं भूगोलातलं स्थान. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली आहे. कोल्हापूर सव्वाचौऱ्याहत्तर अंशांवर, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने सरासरी ३३ मिनिटं मागे. जानेवारीत इथे सूर्य सातच्या पुढे उगवतो. सात वाजता भरणाऱ्या शाळेचं मूल त्या महिन्यात अंधारात उठतं, अंधारात दप्तर भरतं, आणि घड्याळ जुळवणारा उजेड त्याला मिळतो तो शाळेच्या वाटेवर, तोही मिळाला तर.

महाराष्ट्राचे राज्यपाल असताना रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये शाळांच्या वेळा बदलण्याचा विषय काढला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच आहे. पण घड्याळ उशिराकडे सरकतं ते चौथीनंतर. ज्यांना उशिरा शाळेची खरी गरज, ते आठवी-नववीचे विद्यार्थी त्याच्या बाहेर राहिले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये नेमकं मोठ्या मुलांसाठीच साडेआठच्या आधी शाळा नको असं सुचवलं होतं. दीर्घ आजाराच्या मुलाला तरी मुख्याध्यापकांनी पहिल्या तासाची सवलत द्यावी. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही.

आधी आजाराकडे बघा

झोपेच्या सवयींकडे वळण्याआधी एक टप्पा चुकवता येत नाही. आजारच रात्री त्रास देत असेल, तर तो आधी काबूत आणायला हवा. सवयी बदलून दमा बरा होत नाही.

दम्याच्या मुलाची श्वासनलिका पहाटे चारच्या सुमारास सर्वांत अरुंद असते. रात्री खोकल्याने जाग येणं ही दमा काबूत नसल्याची खूण आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे नियमित इनहेलर. टाइप-१ मधुमेहात रात्री साखर ७० च्या खाली गेली तर घाम, वाईट स्वप्नं, सकाळी डोकेदुखी अशी लक्षणं दिसतात. साखर फार चढली तर लघवीसाठी वारंवार उठावं लागतं. संधिवातात सांधे सकाळी आखडतात. स्टेरॉइडची गोळी संध्याकाळी घेतली तर झोप उडू शकते. बहुतेक वेळा ती सकाळी देता येते, पण वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलायची. लघवी वाढवणाऱ्या औषधाचंही तसंच.

पायांत सळसळ, रात्री पाय हलवल्याशिवाय चैन न पडणं, हे लोहाच्या कमतरतेमुळे होऊ शकतं. आपल्याकडे वयात आलेल्या मुलींमध्ये रक्त कमी असणं इतकं नेहमीचं आहे की ही तपासणी टाळू नये. जोराने घोरणं, झोपेत श्वास अडकणं यासाठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायला हवं.

आजार गेला, झोपमोड राहिली

एवढं सगळं नीट केल्यावरही झोप येत नाही, अशी मुलं पुष्कळ असतात. खरा गुंता इथे आहे.

आर्थर स्पीलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये त्याची उकल केली. निद्रानाशामागे तीन थर असतात, असं त्यांनी मांडलं. काही जण मुळातच हलक्या झोपेचे असतात, हा पहिला थर. दुसरा म्हणजे झोप मोडणारी घटना: रुग्णालयात भरती, शस्त्रक्रिया, आजाराचं निदान. आणि तिसरा थर त्या घटनेनंतर आपण लावून घेतलेल्या सवयींचा. घटना सरते, पण सवयी झोपमोड चालू ठेवतात.

आजारी मुलाच्या घरात हा तिसरा थर मायेपोटी तयार होतो, म्हणून तो दिसत नाही. रात्री झोपला नाही म्हणून सकाळी दहापर्यंत उठवायचं नाही. दुपारी पडू द्यायचं. बाहेर दमेल म्हणून घरातच ठेवायचं. कंटाळू नये म्हणून हातात मोबाइल द्यायचा. जेवण अंथरुणात, अभ्यास अंथरुणात, औषध अंथरुणात. यातली प्रत्येक गोष्ट आजाराच्या पहिल्या आठवड्यात योग्यच होती. सहा महिन्यांनंतरही तीच चालू राहिली, की झोपेची भूक साठत नाही, घड्याळाला उजेड मिळत नाही आणि मेंदू अंथरुणाला जागेपणाची जागा समजू लागतो.

या थरावर काम करणाऱ्या पद्धतीला झोपेसाठीची वर्तन-विचार उपचारपद्धती म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांनी डॉक्टर तिला ‘सीबीटी-आय’ म्हणतात. प्रौढांच्या जुन्या निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हीच पद्धत वापरावी, अशी शिफारस अमेरिकेतल्या फिजिशियन्सच्या संघटनेने २०१६ मध्ये केली. नेदरलँड्समध्ये ११६ किशोरवयीन मुलांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती गटात बसूनही चालली आणि इंटरनेटवरूनही. शारीरिक किंवा मानसिक आजार असलेल्या चाळीस मुलांवर सिॲटलच्या टोन्या पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी मोजक्या बैठकांमध्ये ती वापरून पाहिली. मुलांची झोप सुधारली. तो अभ्यास लहान होता आणि त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून मी याला रामबाण म्हणणार नाही. पण धोका कमी, खर्च जवळजवळ शून्य, आणि तर्क भक्कम, एवढं नक्की म्हणेन.

सुरुवात सकाळपासून

सगळे जण रात्री लवकर झोपवण्याच्या मागे लागतात. उपाय मात्र सकाळी सुरू होतो. झोप लागणं आपल्या हातात नसतं, उठणं असतं. म्हणून पहिला नियम: रात्र कशीही गेली, तरी उठायची वेळ एकच. रविवारीही. फार तर तासाभराचा फरक.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत उजेडात जायचं. चालवत नसेल तर गच्चीत किंवा दारातल्या कट्ट्यावर खुर्ची टाकून बसायचं. ज्याला जमतं त्याने रंकाळा तलावावर एक छोटा फेरा मारावा. वीस-तीस मिनिटं पुरतात. औषधामुळे किंवा आजारामुळे ऊन सोसत नसेल, तर सावलीत बसलं तरी चालतं. आकाश दिसायला हवं.

दुसरी गोष्ट अंथरुणाची. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये एक पद्धत सांगितली: अंथरूण फक्त झोपेसाठी. झोप आली तरच पडायचं. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठायचं, मंद उजेडात काहीतरी शांत करायचं, आणि पेंग आली की परत यायचं. यातून मेंदू पुन्हा शिकतो की इथे पाठ टेकली की झोपायचं असतं.

आपल्या जुन्या घरांमध्ये ही शिस्त न सांगता पाळली जात होती. सकाळ झाली की गाद्या गुंडाळून कोपऱ्यात किंवा घडवंचीवर जायच्या. दिवसा अंथरूण पसरलेलं दिसत नसे, कारण खोली तीच आणि तिच्यात सगळ्यांना वावरायचं असे. आता पलंग आले आणि आजाऱ्याचं अंथरूण तर दिवसभर घातलेलंच राहतं. दोन खोल्यांच्या घरात मुलाला वेगळी खोली देता येत नाही, म्हणून हे उपाय आपल्यासाठी नाहीत असं समजू नका. गादी गुंडाळायची, किंवा पलंगावर जाड चादर घालून तो बैठकीचा करायचा. दिवसा विश्रांती हवीच, पण ती सतरंजीवर, आरामखुर्चीत, वेगळ्या उशीवर. दुपारची डुलकी तीनच्या आत, अर्ध्या तासाची. ताप, आजार उसळणं, डायलिसिस किंवा रक्त चढवल्याचा दिवस असे अपवाद असतातच. तेव्हा नियम बाजूला ठेवा आणि बरं वाटलं की पुन्हा धरा.

अंथरुणातला वेळ आवळणं

याहून एक पायरी पुढची आहे, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायची. समजा, टाइप-१ मधुमेह असलेली अकरावीतली एक मुलगी रात्री साडेनऊला पडते आणि सकाळी साडेसातला उठते. अंथरुणात १० तास, पण प्रत्यक्ष झोप साडेसहा तास. म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी ६५ टक्केच झोप. उरलेले साडेतीन तास ती छताकडे बघत काढते, आणि रोज रात्री तिचा मेंदू तेच शिकतो. तिला काही दिवस साडेअकराला पडायला आणि साडेसहाला उठायला सांगितलं जातं. अंथरुणात सात तास. आठवडाभरात झोपेची भूक साठते, झोप सलग होते. झोपेचा वाटा ८५ ते ९० टक्क्यांवर गेला की पडायची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची, आणि असं करत करत आठ तासांपर्यंत पोहोचायचं.

फेफरं येणाऱ्या मुलांमध्ये हा प्रयोग करू नये. जागरणाने झटके येऊ शकतात. मनाच्या गंभीर आजारातही नको. आणि मुलासाठी सात तासांच्या खाली कधीही जायचं नाही.

दुखणं, काळजी आणि पायांचे तळवे

दुखण्यामुळे झोप लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उलट दिशा कमी लोकांना ठाऊक असते: झोप कमी झाली की दुखणं सोसायची ताकद घटते. काल जेवढं दुखत होतं, तेवढंच आज जास्त जाणवतं. म्हणून संधिवाताच्या मुलाची झोप सुधारणं हा त्याच्या वेदनेवरचाही उपचार आहे. अंगात जोर वाटला त्या दिवशी सगळं उरकायचं आणि पुढचे दोन दिवस पडून राहायचं, हे चक्रही मोडायला हवं. रोज थोडं, ठरल्या मापाने.

रात्री येणाऱ्या काळज्यांसाठी संध्याकाळी पंधरा मिनिटं राखून ठेवा. मुलाने मनात येईल ते कागदावर लिहायचं, आणि शेजारी उद्या करण्यासारखं एखादं छोटं काम. “परीक्षेला बसता येईल का?” याच्या पुढे “उद्या बाईंना विचारणे.” रात्री तोच विचार आला की तो लिहून झालाय, एवढं स्वतःला सांगता येतं. मोठ्यांनी कागद वाचायचा की नाही, ते मुलाला ठरवू द्या.

शरीर सैल करण्याच्या पद्धतीला जुना आधार आहे. एडमंड जेकबसन यांनी १९२९ च्या पुस्तकात स्नायू एकेक करून आवळून सोडण्याची रीत मांडली. आपलं शवासन त्याच वाटेने जातं, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी ते उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर वापरून १९६९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. झोपण्यापूर्वी दहा मिनिटं शवासन, श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. दुखरा सांधा मात्र आवळायचा नाही.

आता काशाच्या वाटीविषयी. तूप किंवा तेल लावून तळव्यांना काशाची वाटी घासणं हा आपल्या आज्यांचा उपाय. काशामुळे अंगातली उष्णता निघते, याला आधार नाही. पण तळवे ऊबदार झाले की झोप लवकर लागते, हे मात्र खरं आहे. हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की शरीराच्या आतली उष्णता बाहेर जाते, आतलं तापमान किंचित उतरतं, आणि हे उतरणं झोप लागायला मदत करतं. बाझलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये हे दाखवलं. झोपण्याच्या तास-दोन तास आधी गरम पाण्याने अंघोळ केली तर झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते, असं टेक्सासच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून सांगितलं. कारण तेच. मधुमेहाच्या मुलाचे पाय कढत पाण्यात बुडवू नका, आणि इसब असलेल्या मुलाला गरम पाण्याची अंघोळ नको, खाज वाढते.

घर, गल्ली आणि वॉर्ड

मुलाच्या झोपेत आईबापांची झोप गुंतलेली असते. मधुमेही मुलाची आई रात्री तीनला उठून साखर तपासते, आणि मग पहाटेपर्यंत जागी राहते. तपासणी डॉक्टरांनी सांगितली असेल तर करावीच, पण पाळी लावून. एक रात्र आई, एक रात्र बाबा, कधी मावशी. कोणत्या आकड्याला काय करायचं हे कागदावर लिहून भिंतीला लावलं की अर्ध्या झोपेत विचार करावा लागत नाही. दिवा मंद, पिवळसर. ट्यूबलाइट लावू नका. मोबाइल चार्जिंगला स्वयंपाकघरात ठेवायचा, आणि हा नियम घरातल्या सगळ्यांना. साखर मोजणाऱ्या यंत्राचा गजर मोबाइलवर येत असेल, तर तो पालकांच्या मोबाइलवर घ्या.

गोंगाटाचा प्रश्न घरात सुटत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. सणांसाठी वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत मिळते. कोल्हापूरची गणेश विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते. तो उत्साह मला परका नाही. पण महाद्वार रोडच्या आसपासच्या गल्ल्यांमध्येही आजारी मुलं राहतात. तालीम मंडळांनी आपल्या गल्लीतल्या अशा घरांची माहिती ठेवली आणि त्यांच्या दारापुढे आवाज उतरवला, तर उत्सवाला काही कमी पडणार नाही.

रुग्णालयात भरती असलेल्या मुलाची झोप तर सर्वांत जास्त तुटते. रात्रभर दिवे, ताप-नाडी, शेजारच्या खाटेवरची धावपळ. जीव वाचवण्यासाठी लागणारं सगळं झालंच पाहिजे. पण स्थिर असलेल्या मुलाचं रक्त घेणं, औषध देणं, ताप पाहणं एकाच फेरीत करता येईल का, असं नातेवाइकांनी सिस्टरना नम्रपणे विचारायला हरकत नाही. पुष्कळदा करता येतं. दिवसा खाट खिडकीजवळ मिळाली तर उजेडाचंही काम होतं.

चौकट: पंधरा दिवसांची वही

झोपेचे सगळे उपाय एका वहीपासून सुरू होतात. रोज सकाळी मुलाने स्वतः, अंदाजाने लिहायचं. रात्री घड्याळ बघायचं नाही. एका दिवसाची नोंद अशी असू शकते:

पडलो: रात्री १०.१५. झोप लागली: १२ च्या सुमारास. मध्ये जाग: दोनदा, एकदा गुडघा दुखला म्हणून. शेवटची जाग: ६.४०. उठलो: ७.३०. काल दिवसा झोप: दुपारी दीड तास. चहा: सकाळी आणि संध्याकाळी साडेसहाला. बाहेर उजेडात: नाही. दुखणं (० ते १०): ५.

मधुमेह असेल तर झोपतानाची आणि सकाळची साखर, दमा असेल तर रात्रीचा खोकला, हेही लिहा. वर दिलेल्या एका नोंदीतच तीन धागे दिसतात: दीड तासाची दुपारची झोप, साडेसहाचा चहा, आणि दिवसभर घरात.

गोळीचं काय?

गोळी कधीच नको, असं नाही. काही आजारांत, काही काळ, तज्ज्ञ डॉक्टर ती देतात आणि ती लागते. पण स्वतःच्या मनाने नको. झोप यावी म्हणून सर्दीचं औषध पाजणं, मोठ्यांची झोपेची गोळी अर्धी करून देणं, मेलाटोनिन परस्पर सुरू करणं, हे आजारी मुलात धोक्याचं आहे. श्वासाचा, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आणखीच. आणि गोळी दिली तरी वरच्या सवयी बदलाव्याच लागतात.

मूल सतत उदास असेल, जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलत असेल, तर झोपेच्या वहीत वेळ घालवू नका. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. झोपेत श्वास थांबणं, नव्याने झटके येणं, रात्री वारंवार साखर उतरणं, यासाठीही लगेच डॉक्टर गाठा.

बाकीच्यांनी आजपासून वही घाला. दीर्घ आजाराच्या मुलाला महिन्या-दोन महिन्यांनी तपासणीला न्यावंच लागतं, मग ते कोल्हापूरच्या सी.पी.आर. रुग्णालयात असो, तालुक्याच्या रुग्णालयात असो की खासगी दवाखान्यात. त्या भेटीत साखर, धाप, सूज, रक्त सगळं विचारलं जातं. गर्दीत झोपेचं विचारायचं राहून जातं. पुढच्या भेटीला ती वही सोबत न्या, डॉक्टरांच्या टेबलावर उघडून ठेवा आणि आपणच विषय काढा.